जुन्या बंगल्यात व्यवसाय सुरू करण्याआधी

नागपूरच्या धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोड आणि गोकुळपेठ बाजाराच्या आसपास जागेला मोठी मागणी आहे. जुना बंगला असला की ‘पाडा आणि गाळे काढा’ हा सल्ला हमखास मिळतो. पण घर राखूनही ते कमावते करता येते. त्यासाठी पायऱ्यांचा क्रम मात्र सांभाळावा लागतो.

पहिली पायरी चौकशीची. आपली वास्तू शहराच्या वारसा यादीत आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. यादीतल्या तीन श्रेणींपैकी पहिल्या श्रेणीतल्या वास्तूत फेरबदल जवळपास वर्ज्य असतात. दुसरीत आतले बदल आणि नवा वापर सहसा चालतो, दर्शनी रूप जपावे लागते. तिसरीत मोकळीक अधिक असते.

यादीत नाव नाही म्हणजे परवानगीच नको, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. निवासी घर व्यवसायासाठी वापरायचे तर वापरबदलाची मंजुरी लागते. वास्तू यादीत असेल तर वारसा संवर्धन समितीचेही मत घेतले जाते.

दुसरी पायरी नोंदीची. कशालाही हात लावण्यापूर्वी खोल्यांची मापे घ्या. दारे, जाळ्या, फरशी, जिना यांची छायाचित्रे काढा. काय हलवायचे नाही, ते इथेच ठरते.

तिसरी पायरी व्यवसाय निवडण्याची. कार्यालय, संगीतवर्ग किंवा पुस्तकांचे दुकान घरात सहज सामावते. उपाहारगृहाचे तसे नाही. पाणी, वाफ, तेलकट धूर आणि गर्दीचा भार जुन्या भिंतींना व लाकडी तुळयांना सोसावा लागतो. स्वयंपाकघर मागच्या अंगणात वेगळे काढता आले तर बरे.

चौथी पायरी दुरुस्तीची. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो आत कोंडतो. मग पोपडे सुटतात आणि भिंत आतून पोखरली जाते. उंच छताखाली खोटे छत लावणे ही दुसरी चूक. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात ती उंचीच खोली सुसह्य ठेवते.

घर भाड्याने द्यायचे असेल, तर शेवटची पायरी कराराची. कोणती भिंत फोडायची नाही, पाटी किती मोठी, वातानुकूलन यंत्र कुठे बसवायचे, हे लिहून घ्या. भाड्यातला ठरावीक वाटा दरसाल निगेसाठी बाजूला काढा. तेवढेही निघत नसेल, तर तो भाडेकरू आपल्या घराला परवडणारा नाही.