टाळेबंदीतील घरची शाळा : मरोद्यातील पालकांची कसोटी

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळांना कुलुपे लागली आणि शिक्षकांचे काम पालकांच्या हाती आले. छत्तीसगडमधील भिलाईच्या पोलाद नगरीत, मरोद्यासारख्या कामगार वसाहतींत, या जबाबदारीचे स्वरूप काहीसे वेगळे होते. शाळा बंद असल्या तरी कारखाना बंद नव्हता. घरात राहून मुलांना शिकविण्याची अपेक्षा ज्या पालकांकडून होती, त्यांपैकी अनेकांना पाळीवर जावेच लागत होते.

त्या काळात पालकांपुढे कोणत्या अडचणी उभ्या राहिल्या, शासनाने कोणते पर्याय दिले आणि मुलांच्या शिक्षणाचे नेमके किती नुकसान झाले, याचा हा आढावा.

पोलाद नगरीतील वसाहत

मरोदा हा दुर्ग जिल्ह्यातील भिलाई शहराचा भाग आहे. येथील जलाशय भिलाई पोलाद कारखान्याला पाणी पुरवितो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत वसली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार येथे आले.

त्यांत मराठी भाषकही होते. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्गामुळे विदर्भाशी येथील संबंध आजही निकटचा आहे. त्यामुळे घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी आणि रस्त्यावर छत्तीसगढी, अशा तीन-चार भाषांत वाढणारी मुले या भागात नवी नाहीत. भाषांची ही सरमिसळ एरवी समृद्धी मानली जाते. टाळेबंदीत मात्र शाळेच्या भाषेत मुलाचा गृहपाठ समजावून देणे हे अनेक घरांत वेगळेच आव्हान ठरले.

कारखाना सुरू, शाळा बंद

छत्तीसगड शासनाने मार्च २०२० च्या मध्यासच शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. २४ मार्च रोजी देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि ती मध्यरात्रीपासून लागू झाली. केंद्राच्या आदेशात अखंड प्रक्रियेच्या उद्योगांना राज्याच्या परवानगीने काम सुरू ठेवण्याची मुभा होती. पोलाद उद्योग त्यांत मोडतो. कोक भट्ट्या एकदा थंड पडल्या तर त्यांच्या आतील विटांचे बांधकाम तडकते आणि भट्टी निकामी होऊ शकते. त्यामुळे मनुष्यबळ कमी करता येते, पण आग विझविता येत नाही.

याचा थेट परिणाम घरांवर झाला. रात्रपाळी करून आलेला पिता दिवसा झोपणार आणि त्याच वेळी त्याच खोलीत मुलाचा ऑनलाइन वर्ग भरणार, हे दोन खोल्यांच्या घरात सोपे नव्हते. पिता कामावर निघाला की घरातील एकमेव स्मार्टफोनही त्याच्याबरोबर जाई. कामावरून संसर्ग घरी येण्याची धास्ती होतीच. ठेकेदाराकडील कामगारांच्या घरी याशिवाय रोजगाराची अनिश्चितताही होती.

‘पढ़ई तुंहर दुआर’

७ एप्रिल २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या हस्ते ‘पढ़ई तुंहर दुआर’ या संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. छत्तीसगढीत याचा अर्थ ‘शिक्षण तुमच्या दाराशी’ असा होतो. पाठ्यपुस्तके, दृक्‌श्राव्य पाठ, ऑनलाइन वर्ग, गृहपाठ आणि शंकानिरसन अशा सुविधा त्यावर विनामूल्य देण्यात आल्या.

मात्र ज्या घरात स्मार्टफोन किंवा इंटरनेट नाही, त्या घराच्या दारापर्यंत हे शिक्षण पोहोचत नव्हते. ही उणीव लक्षात घेऊन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘पढ़ई तुंहर पारा’ ही योजना पुढे आली. ‘पारा’ म्हणजे वस्ती. मराठीतील ‘पाडा’ हा शब्द त्याच्या जवळचा. शिक्षकांनी वस्तीत जाऊन, मोकळ्या जागी, अंतर राखून मुलांचे छोटे गट शिकवावेत, अशी ही कल्पना होती. बस्तरमध्ये ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविण्यात आले. ‘बुल्टू के बोल’ या उपक्रमात ब्लूटूथच्या साहाय्याने साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित पाठ पाठविण्यात आले. त्यासाठी आठवडी बाजारांचा उपयोग करण्यात आला.

महाराष्ट्रातही याच सुमारास ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू होता. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. मोबाइल नसला तरी दूरचित्रवाणी संच अनेक घरांत असतो, हे यामागील सूत्र होते. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवरच धडे रंगविण्यात आले. आपल्या मुलांची बालभारतीशी ओळख टिकावी असे वाटणाऱ्या महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांनाही सह्याद्रीवरील पाठांचा उपयोग होण्यासारखा होता.

घरात मोबाइल, पण मुलाच्या हाती नाही

ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालातील आकडे या संदर्भात बोलके आहेत. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेले. म्हणजे रोजगाराची चणचण असतानाही असंख्य पालकांनी मुलांसाठी मोबाइल मिळविला.

परंतु घरात मोबाइल येणे आणि तो मुलाच्या हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. २०२१ च्या अहवालानुसार, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी वापरायला मिळत नव्हता. घरात दोन भावंडे असली की आधी कोणाचा वर्ग, हा प्रश्न रोजचा होई. दहावी-बारावीच्या मुलाला प्राधान्य मिळे आणि दुसरी-तिसरीतील मूल मागे राही. वस्तुतः वाचन आणि लेखनाचा पाया याच लहान वयात घातला जातो.

दुसरीकडे, ज्या घरांत मोबाइलची कमतरता नव्हती तेथे पडद्यासमोरील वेळ वाढल्याची तक्रार होती. त्यावर केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी अशी चार सत्रे, ही मर्यादा त्यांत सुचविण्यात आली होती.

अंगणातील शाळा

‘असर’च्या २०२० च्या पाहणीत आणखी एक बाब पुढे आली. सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना अभ्यासात घरातील कोणाची ना कोणाची मदत होत होती. स्वतः फारसे न शिकलेले आई-वडीलही यात मागे नव्हते. ज्या घरात पालकांना धडा वाचता येत नव्हता, तेथे मोठी भावंडे पुढे आली.

तरीही या कामाचा मोठा भार मातांवर पडला, हे नाकारता येणार नाही. स्वयंपाक, घरातील वडीलधाऱ्यांची देखभाल आणि पाळीवरून येणाऱ्या माणसाची वेळ सांभाळून मुलाला अभ्यासाला बसविणे हे त्यांचे काम झाले. छत्तीसगडमध्ये कोरोनाकाळात महिला शिक्षकांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘अंगना म शिक्षा’ या उपक्रमाने ही वस्तुस्थिती ओळखली. ‘अंगना म’ म्हणजे अंगणात. घरातील वस्तूंच्या आधारे लहान मुलांना काय आणि कसे शिकविता येईल, हे मातांना दाखविणे हा त्याचा उद्देश होता.

भाजी निवडताना वर्गीकरण, पोळ्या मोजताना बेरीज-वजाबाकी, डाळ-तांदूळ मापताना कमी-जास्तीची समज, कपड्यांच्या घड्या घालताना आकार, अशी ही रीत आहे. त्यासाठी मोबाइल लागत नाही आणि माता पदवीधर असण्याचीही गरज नाही. शिवाय मूल ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत, मग ती छत्तीसगढी असो वा मराठी, ते शिकू शकते.

शाळेबरोबर भोजनही थांबले

शाळा बंद होताच मध्यान्ह भोजनही थांबले. छत्तीसगड शासनाने ४० दिवसांचा कोरडा शिधा देण्याचे ठरविले. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी ४ किलो तांदूळ व ८०० ग्रॅम डाळ, तर उच्च प्राथमिकसाठी ६ किलो तांदूळ व १,२०० ग्रॅम डाळ असे त्याचे प्रमाण होते. रोज कमावणाऱ्या कुटुंबांना या शिध्याचा आधार होता.

खासगी शाळांत मुले असलेल्या पालकांपुढे शुल्काचा प्रश्न होता. वर्ग भरत नसताना पूर्ण शुल्क का द्यावे, असा त्यांचा सवाल होता. तर शिक्षकांचे वेतन कशातून द्यावे, अशी शाळांची अडचण होती. छत्तीसगड उच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये शाळांना शिकवणी शुल्क घेण्यास परवानगी दिली. पुढे मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील खासगी शाळांच्या प्रकरणात, २०२०-२१ या वर्षाच्या शुल्कात १५ टक्के कपात करण्याचा निर्णय दिला. विद्यार्थी ज्या सुविधा वापरतच नाहीत, त्यांच्या खर्चात झालेली बचत पालकांना मिळावी, ही त्यामागची भूमिका होती.

देशपातळीवर पाहता, ‘असर’च्या नोंदीनुसार ग्रामीण भागात शासकीय शाळांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ६४.३ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ७०.३ टक्क्यांवर गेले. त्याच काळात खासगी शिकवणीला जाणाऱ्यांचे प्रमाणही २८.६ वरून ३९.२ टक्के झाले. शाळेचे शुल्क परवडेनासे झाले तरी अभ्यास बुडू नये, यासाठी पालकांनी केलेली ही धडपड होती.

दुसरी लाट आणि घरी सोडविलेली परीक्षा

फेब्रुवारी २०२१ मध्ये छत्तीसगडमध्ये नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. मात्र महिनाभरातच दुसरी लाट आली. दुर्ग हा राज्यातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांपैकी एक ठरला. ६ एप्रिलपासून जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागू झाली व ती वाढत गेली. याच काळात भिलाईच्या कारखान्यातून वैद्यकीय प्राणवायू देशाच्या विविध भागांत रवाना होत होता आणि त्याच नगरीत अनेक कुटुंबे आजारपण व मृत्यू यांना सामोरी जात होती. अशा घरांत अभ्यास हा विषयच मागे पडला.

या पार्श्वभूमीवर छत्तीसगड माध्यमिक शिक्षण मंडळाने बारावीची परीक्षा घरूनच घेण्याचा आगळा निर्णय घेतला. १ ते ५ जून २०२१ या काळात विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिका देण्यात आल्या. घरी उत्तरे लिहून पाच दिवसांत त्या परत करावयाच्या होत्या. जुलैमध्ये जाहीर झालेल्या निकालात ९७.४३ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले.

या परीक्षेत पर्यवेक्षक नव्हते. मुलाने पुस्तक उघडावे की नाही, हे ठरविणे त्याच्यावर आणि त्याच्या पालकांवर सोपविले होते. वर्ष वाया गेले नाही याचे समाधान आणि या गुणांना पुढे किती मोल राहील याची शंका, अशा दोन्ही भावना त्या निकालाबरोबर आल्या.

२ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातील शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या. प्राथमिक वर्गही निम्म्या उपस्थितीने भरू लागले. म्हणजे ज्या मुलांनी २०२० मध्ये पहिलीत प्रवेश घेतला, ती प्रथम वर्गात बसली तेव्हा दुसरीत पोहोचली होती.

किती शिकायचे राहिले?

या प्रश्नाचे एक उत्तर अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अभ्यासातून मिळते. जानेवारी २०२१ मध्ये छत्तीसगडसह पाच राज्यांतील १,१३७ शासकीय शाळांच्या १६,०६७ मुलांची पाहणी करण्यात आली. ही मुले दुसरी ते सहावीतील होती. त्यांपैकी ९२ टक्के मुले मागील वर्षी अवगत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य गमावून बसली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते.

याचा अर्थ असा की, केवळ नवीन शिकायचे राहिले नाही, तर आधी शिकलेलेही विसरले गेले. चित्र पाहून वर्णन करणे, परिचित शब्द वाचणे, साधी वजाबाकी करणे ही कौशल्ये सरावानेच टिकतात. सराव थांबला की ती पुसट होतात. त्यामुळे मुलाच्या विस्मरणाचा दोष मुलाला किंवा त्याच्या पालकांना देता येत नाही.

दिलासा देणारी बाबही आहे. ‘असर’नुसार दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. झालेले नुकसान बऱ्याच अंशी भरून निघाले आहे. पण ज्या पातळीवर आपण परतलो आहोत, तेथेही चारपैकी जवळजवळ तीन मुलांना तो उतारा वाचता येत नव्हता, हे विसरता येणार नाही.

पालकांनी काय जाणले

टाळेबंदीपूर्वी अनेक घरांत शिक्षण म्हणजे मुलाला वेळेवर शाळेत पोहोचविणे आणि निकालपत्रावर सही करणे एवढेच होते. शाळा घरात आल्यावर आपले मूल कोठे अडखळते, हे पालकांना प्रथमच जवळून दिसले. एका वर्गात तीस-चाळीस मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या कामाचे मोलही कळले.

मात्र पालकांच्या या धडपडीचा अर्थ शाळेवाचून चालते असा काढणे चुकीचे ठरेल. घर आधार देऊ शकते. पण समवयस्क मुले, खेळाचे मैदान, प्रशिक्षित शिक्षक आणि शिजलेले जेवण एकत्र देणारे ठिकाण शाळा हेच आहे. पुढील संकटात, मग ते साथीचे असो वा अन्य, शाळा सर्वांत आधी बंद आणि सर्वांत शेवटी सुरू व्हाव्यात का, या प्रश्नाचा विचार म्हणूनच आताच व्हावयास हवा.

मरोद्याजवळच्या कारखान्यात भट्टी विझू नये यासाठी प्रत्येक पाळीत माणसे हजर ठेवण्यात आली, कारण एकदा विझलेली भट्टी पुन्हा पेटविणे अवघड असते. मुलांच्या शिक्षणाविषयीही तेवढीच दक्षता घेण्याची गरज या दोन वर्षांनी अधोरेखित केली आहे.