धोक्याचा खेळ आणि पंचाची शिट्टी

बेळगावातील एखाद्या शाळेच्या मैदानावर मुलांचा फुटबॉलचा सामना चालला आहे, असे समजा. पावसाने तांबडी माती निसरडी झाली आहे. चेंडू उसळून छातीइतका वर येतो. बचाव करणारा मुलगा तो परतवण्यासाठी पाय उंच उचलतो. समोरून धावत आलेला मुलगा डोके पुढे करतो आणि बूट दिसताच दचकून मागे सरतो. पाय कोणालाही लागलेला नाही. इतक्यात पंचाची शिट्टी वाजते आणि कडेच्या पालकांतून आवाज उठतो, "लागलं कुठं? मग फाऊल कसला?"

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु नियमाचे मर्म त्याच्या उत्तरातच साठलेले आहे. फुटबॉलच्या बाराव्या नियमात ज्याला धोक्याचा खेळ म्हटले आहे, त्याला स्पर्शाची आवश्यकता नसते. चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात इजेचे भय निर्माण झाले आणि त्या भयाने जवळच्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू सोडावा लागला, की अपराध घडला. शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची. तिच्यावर प्रतिपक्षाविरुद्ध सरळ गोल होत नाही; चेंडू आधी दुसऱ्या एखाद्या खेळाडूला लागावा लागतो.

मात्र पाय उंच गेला एवढ्यावरून शिट्टी वाजवणे, हेही तितकेच चूक होय. किती उंची धोक्याची, याचे माप नियमात दिलेले नाही. जवळ कोणी नसताना एखाद्या मुलाने हवेत झेप घेऊन कात्रीसारखे पाय फिरवले, तर त्यात दोष नाही. म्हणजे पंचाने पाहावयाचे ते पायाकडे नव्हे, तर पाय आणि दुसऱ्याचे शरीर यांमधील अंतराकडे.

याची दुसरीही बाजू आहे. इजेचा धोका स्वतःलाच असला, तरी नियम तोच. चेंडू गुडघ्याइतका खाली असताना एखादा मुलगा वाकून डोके घालतो आणि चेंडू मारू पाहणारा प्रतिस्पर्धी त्याला इजा होईल म्हणून पाय आवरतो. येथे फाऊल वाकणाऱ्याचा. पडलेल्या मुलाने चेंडू पायांत धरून ठेवला आणि त्याला लागेल म्हणून इतरांना खेळता आले नाही, तर तेथेही निर्णय त्याच्याविरुद्धच जातो. प्रेक्षकांची सहानुभूती अशा वेळी नेमकी उलट बाजूला असते.

प्रत्यक्ष आघात झाला, की प्रकरण बदलते. मग शिक्षा थेट फ्री किकची. आणि अपराध स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात घडला, तर पेनल्टीची. येथे पंचाला तीन पायऱ्या ओळखाव्या लागतात. केवळ निष्काळजीपणा असेल, तर फ्री किक पुरे. दुसऱ्याच्या सुरक्षिततेची पर्वाच केली नसेल, तर पिवळे कार्ड. अवाजवी बळ वापरून दुसऱ्याचे अंग धोक्यात घातले असेल, तर लाल. ही कार्डे विश्वचषकात 1970 पासून आली. विचार मात्र फार जुना आहे. 1863 साली लंडनमध्ये पहिले नियम ठरले, त्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी, यावरच मोठा वाद झाला. मुभा नाकारली गेली आणि तिचा आग्रह धरणारे बाहेर पडले. हा खेळच त्या नकारातून आकाराला आला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मुलांच्या सामन्यात ही पारख अधिक अवघड होते. तेरा वर्षांच्या दोन मुलांत वीतभर उंचीचा फरक असू शकतो; एकाच्या छातीइतका चेंडू दुसऱ्याच्या तोंडासमोर असतो. हेतू वाईट नसतो, पण पायावर ताबाही नसतो. मोठ्या खेळाडूला जे सहज चुकवता येते, ते मुलाला चुकवता येत नाही. म्हणून जाणता पंच मुलांच्या खेळात शिट्टी लवकर वाजवतो आणि दोन शब्दांत कारणही सांगतो. अमेरिकेतील फुटबॉल संघटनेने 2015 मध्ये दहा वर्षे व त्याखालील मुलांना चेंडू डोक्याने मारण्याचीच मनाई केली, तीही याच काळजीपोटी.

निपाणी-बेळगावच्या पट्ट्यात या खेळाची हौस मोठी आहे. शेजारच्या कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींच्या नावांनीच फुटबॉलचे संघ उतरतात. तेथील शाहू स्टेडियमवरील ईर्ष्या पाहून आलेला मुलगा तीच ईर्ष्या शाळेच्या मैदानावर आणतो. ईर्ष्या असावी, परंतु तालमीतही कोणत्या डावाने हाड मोडते, हे वस्ताद आधी शिकवतो. मैदानावर ते काम पंचाचे आहे.

या भागातील एकाच संघात मराठी, कानडी, कोंकणी आणि उर्दू बोलणारी मुले एकत्र खेळतात. अप्रत्यक्ष फ्री किक देताना पंच एक हात डोक्यावर सरळ उभा धरतो. ती खूण सर्वांना सारखीच कळते. हात वर दिसला, की कडेच्या पालकांनी एवढेच ध्यानात घ्यावे : कोणाला लागले नाही, हे खरे, आणि लागण्यापूर्वीच खेळ थांबला, हेच बरे.