विमानाची वाट आणि घरची वाट

सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावातही आता एखाद्या घरचा मुलगा अमेरिकेत असतो. घरात वडीलधारे माणूस गेले की ओटीवर पहिला प्रश्न निघतो : ‘तो केव्हा पोहोचेल? थांबावयाचे की नाही?’ या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे. म्हणून आज आम्ही तेच मांडीत आहोत.

प्रथम अंतर पाहू. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ ओढली, तर विमान त्या रेघेने जात असेल असे वाटते. पण नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे सरकून पार ६४ अक्षांशांच्या पुढे जातो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ अंशांवर. तरी जवळची वाट ती. तिची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर भरते.

आता वेळ. प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. म्हणजे भागाकार चौदा तासांचा. पण फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते आडवे येतात, येताना पाठीशी असतात. शिवाय एखाद्या देशाचे आकाश बंद असले की वळसा पडतो. म्हणून थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात, येताना साधारण साडेचौदा. १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले. लंडनचे अंतर तर अवघे ७,२०० किलोमीटर!

घड्याळाचा घोटाळा निराळाच. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. समजा, हिवाळ्यात सोमवारी पहाटे साडेचारला येथून फोन गेला. तेथे रविवारचे सायंकाळचे सहा वाजलेले असतात. मुलाला रात्री दहाचे विमान मिळाले, तर तो सोमवारी रात्री अकराला मुंबईस उतरेल. घड्याळात पंचवीस तास गेले, प्रवास मात्र साडेचौदाच तासांचा. पुढे पारपत्राची तपासणी व सामान यांत दीड तास, मोटारीने साडेचार तास धरा. मंगळवारी पहाटे पाचच्या सुमारास तो दाराशी येईल.

म्हणजे फोनपासून साडेचोवीस तास. तेही विमानात लगेच जागा मिळाली तर. ती न मिळाल्यास हिशेब दुसऱ्या दिवसावर जातो. तेव्हा मुलाला ‘लवकर ये’ एवढेच सांगू नये. ‘जागा मिळाली का, विमान थेट आहे का, मुंबईस केव्हा उतरते?’ हे विचारावे आणि मग ओटीवर निर्णय करावा. थांबावे की न थांबावे, हे भूगोल सांगणार नाही. ते घरच्यांनीच ठरवावयाचे. पण किती थांबावे लागेल, एवढे तो नक्की सांगतो.