नाक जरासे वाकडे, म्हणून काय?

वस्तीतल्या मुली मोबाइलमधला फोटो दाखवून विचारतात, "ताई, एक नाकपुडी लहान दिसते. ऑपरेशन करू का?"

मुलींनो, कोणाचेच नाक दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे नसते. जवळून काढलेल्या फोटोत ते आणखी मोठे दिसते. श्वास नीट येत असेल तर केवळ दिसण्यासाठी कर्ज काढू नका.

मात्र एकच नाकपुडी कायम बंद राहत असेल, वारंवार रक्त येत असेल, तर सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मार लागून नाक वाकले तर आठवड्याच्या आत जा.

इंग्रज अधिकारी रिस्लेने नाके मोजून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात नाकाच्या मापांच्याच आधारे ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे दाखवले. मग आपल्या नाकाची लाज कशाला?