‘शुगर लिहू नका’ आणि असे आणखी महागडे सल्ले

स्वस्त आरोग्य विमा शोधणारा माणूस आधी हप्ता विचारतो. अर्ज कोण भरणार, त्यात काय लिहिणार, घरात आधीपासून कोणतं संरक्षण आहे, हे प्रश्न मागे राहतात. आणि डिस्चार्जच्या दिवशी पैसे जातात ते नेमके तिथेच. सोसायटीच्या बाकावर किंवा ऑफिसात डबा खाताना या विषयावर जे ठामपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं आता जुनं झालं आहे. काही तर कधीच खरं नव्हतं.

‘सरकारी योजना पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची. आमचं कार्ड पांढरं.’

पूर्वी हे बरोबर होतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली झाली, पांढऱ्या कार्डासकट. शिधापत्रिकाच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालतं. दीड लाखाची मर्यादा वाढून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाली आणि १ जुलै २०२४ पासून ती लागूही झाली. हप्ता काहीच नाही. तरी मध्यमवर्गीय घरांत पांढरं कार्ड अजून कपाटाच्या तळाशीच असतं, कारण ‘त्याचा काही उपयोग नाही’ हे वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं आहे.

योजनेला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. ठरलेल्या यादीतलेच उपचार, तेही अंगीकृत रुग्णालयांतच. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव. ओपीडीची फी किंवा रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. म्हणून घराजवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, हे कुणी आजारी नसतानाच बघून ठेवावं. १५५३८८ वर फोन केला तरी कळतं. रुग्णालयात गेल्यावर आधी योजनेच्या मदतनिसाचा, म्हणजे आरोग्यमित्राचा, काउंटर गाठायचा. बिल भरून झाल्यावर योजना आठवली तर फार उशीर झालेला असतो. कार्डावर आणि आधारवर नावं एकसारखी आहेत ना, हेही आताच तपासा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कार्डावर चढवायचं राहून गेलेलं असतं.

घरात ७० वर्षांचं किंवा त्याहून मोठं कुणी असेल तर आणखी एक दार उघडं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं. खासगी पॉलिसी असली तरी अडत नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी) किंवा ईसीएचएस (माजी सैनिक) योजनावाल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. गोव्यात पाच वर्षांचा रहिवास असेल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार.

‘शुगर, बीपी लिहू नका, हप्ता वाढेल.’

यापेक्षा महाग सल्ला या व्यवहारात दुसरा नाही, आणि तो फुकट मिळतो. अर्ज बहुतेक वेळा एजंटच भरतो. आजारांच्या प्रश्नांपुढे ओळीने ‘नाही’ लिहितो, आपण फोनवर आलेला ओटीपी सांगतो, झालं. कायद्याच्या नजरेत ती उत्तरं आपली असतात. दोन वर्षांनी हृदयविकाराने दाखल झालात की केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘मधुमेह, पाच वर्षांपासून’ असं येतं, कारण डॉक्टरांशी कुणी खोटं बोलत नाही. तिथे क्लेम अडकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

खरं लिहिलं तर काय होतं? हप्ता थोडा वाढतो, किंवा त्या आजारासाठी थांबावं लागतं. हा थांबण्याचा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असायचा. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. तसंच, सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर माहिती दडवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आधी हीच मुदत आठ वर्षं होती. म्हणजे खरं बोलणाऱ्याच्या बाजूने नियम बरेच सरकले आहेत, पण सल्ले देणारे जुन्याच काळात आहेत.

पॉलिसीसोबत भरलेल्या अर्जाची प्रत येते. ती त्याच दिवशी वाचा. काही चुकलं असेल तर कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीच पटली नाही तर ३० दिवसांच्या आत परत करता येते. थोडीफार रक्कम कापून बाकीचे पैसे मिळतात.

‘तीन लाखांचा विमा आहे, म्हणजे तीन लाखांपर्यंत काळजी नाही.’

इथे जरा हिशेब करू. कमी हप्त्याच्या पुष्कळ पॉलिसींत खोलीभाड्याला मर्यादा असते. समजा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही घेतली ६,००० ची खोली. वरचे ३,००० आपण भरू, असं वाटतं. पण रुग्णालयाचे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात, म्हणून कंपनी सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचं बिलही त्याच प्रमाणात कापते. हे बिल १ लाख असेल तर ५०,००० तुमचे. चार दिवसांच्या खोलीभाड्यातले १२,००० धरले की खिशातून गेले ६२,०००. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही, एवढाच दिलासा.

म्हणून दोन पॉलिसींचे हप्ते तोलण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: खोलीभाड्याची मर्यादा, आजारवार मर्यादा आणि को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपला वाटा किती. तुलनेसाठी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी उपयोगी पडते. एप्रिल २०२० पासून ती सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर असते. तिच्यात ५ टक्के को-पे आहे आणि मोतीबिंदूसारख्या उपचारांना ठरलेली मर्यादा आहे. हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा, त्यामुळे घासाघीस नाही तरी तुलना सोपी.

‘सगळं घर एकाच पॉलिसीत घातलं की स्वस्त पडतं.’

नवरा-बायको आणि मुलं असतील तर पडतं. सत्तरीचे वडील त्यात आले की हप्ता साधारणपणे त्यांच्या वयावर ठरतो. आई-वडिलांची पॉलिसी वेगळी काढा.

‘कंपनीचा विमा आहे, वेगळा कशाला?’

नोकरी गेली की तोही जातो, आणि नेमका तेव्हा दुसरा घेताना वय वाढलेलं असतं. म्हणून फक्त कंपनीच्या विम्यावर न विसंबता त्यावर स्वतःचा सुपर टॉप-अप घ्यावा. परवडण्याचा हा सर्वांत चांगला मार्ग आहे असं माझं मत. ठरलेली रक्कम, समजा पहिले पाच लाख, खर्च झाल्यावरच तो सुरू होतो, म्हणून हप्ता कमी. साधा टॉप-अप दर वेळी दाखल झाल्याचा खर्च वेगळा मोजतो, सुपर टॉप-अप वर्षभराचा एकत्र. नावात फरक एका शब्दाचा, पण वर्षात दोनदा दाखल व्हावं लागलं तर तोच कामाला येतो. हप्ता विचारताना जीएसटी धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसींवर तो शून्य आहे. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर आधी मालकाने ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव घातलं आहे का ते विचारा.

‘क्लेम नाकारला, आता काय करणार?’

नकार लेखी मागा, आणि पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली दिला तेही त्यात असायला हवं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.