वन्य प्राण्यांचे संचारमार्ग आणि शेतीचे संरक्षण

जंगलालगतच्या गावी शेती करणाऱ्या शेतकऱ्यास पाऊस, जमीन आणि बी-बियाणे यांच्या जोडीने आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो; ती म्हणजे वन्य प्राण्यांची ये-जा. रानडुकरे एका रात्रीत उभा हरभरा उकरून टाकतात, रोह्यांचा कळप तूर तुडवितो, आणि गोठ्यातील वासरू बिबट्या उचलून नेतो. हे नुकसान खरे आहे व ते सोसणाऱ्याची तक्रारही रास्त आहे. तथापि जनावरे शेतात का येतात व तेथेच का रेंगाळतात, हे नीट समजून घेतल्याखेरीज नुकसान टाळण्याचा योग्य उपाय सापडत नाही. या प्रश्नाचा वन्य प्राण्यांच्या संचारमार्गांशी निकटचा संबंध आहे.

संचारमार्ग म्हणजे काय

एका मोठ्या जंगलातून दुसऱ्या जंगलाकडे जाताना प्राणी ज्या पट्ट्याचा आश्रय घेतात त्यास संचारमार्ग म्हणतात. हा पट्टा सलग अरण्याचाच असतो असे नाही. पूर्व विदर्भात झुडपी जंगल, नाल्याकाठची झाडी, पडीक जमीन, गायरान, तलावाची पाळ आणि मधली शेते मिळून असा मार्ग बनतो. दिवसा जनावर झाडीत दबून राहते आणि रात्री पुढची मजल मारते.

अशा प्रवासाची गरज निसर्गतःच असते. वाघाचा बछडा सुमारे दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो व स्वतःचे क्षेत्र शोधू लागतो. जवळचे जंगल इतर वाघांनी व्यापलेले असल्यास त्याला दूर जावेच लागते. तो अडून राहिला तर एकाच जंगलात रक्ताच्या नात्यातील प्राण्यांचा संकर होत राहतो. एकाच वळूपासून पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली असता गोठ्यातील जनावरांचा कस जसा कमी होतो, तशीच ही गोष्ट आहे. कान्हा, पेंच, मेळघाट व सातपुडा येथील वाघांच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या जंगलांतील वाघांचे परस्परसंबंध टिकण्यास त्यांना जोडणारे वनपट्टे कारणीभूत आहेत, असे त्यात दिसून आले.

हे प्राणी किती दूर जाऊ शकतात याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. २०१३ मध्ये ‘जय’ नावाने ओळखला जाणारा वाघ नागझिऱ्याहून शेते, नद्या व महामार्ग ओलांडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ पट्टा बसविलेला एक तरुण वाघ निघाला आणि तेलंगणाचा काही भाग फिरून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याची एकंदर चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली. या वाटेचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या जमिनींतून गेलेला होता, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रस्त्याचा अडथळा व त्यावरील उपाय

रुंद रस्ता, लोहमार्ग किंवा उभ्या भिंतींचा सिमेंटचा कालवा या पट्ट्यास आडवा गेला म्हणजे मार्ग तुटतो. काही प्राणी वाहनाखाली सापडतात. भित्रे प्राणी रस्ता ओलांडण्याचेच सोडून देतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जुनोना गावाजवळ वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले.

यावर योजलेला उपाय नागपूर जिल्ह्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ (पूर्वीचा क्रमांक ७) मनसर ते खवासा या टप्प्यात पेंचच्या जंगलातून जातो. त्याचे चौपदरीकरण करताना देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्यानुसार महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून खालची जमीन प्राण्यांसाठी मोकळी ठेवण्यात आली. या मोकळ्या जागांची लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. वरून मालमोटारी धावतात आणि खालून चितळांचा कळप निर्धास्तपणे पलीकडे जातो. २०१९ मध्ये तेथे स्वयंचलित कॅमेरे लावून पाहणी केली असता १८ जातींचे वन्य प्राणी या मार्गांचा उपयोग करताना आढळले. त्यांत चितळ, रानडुक्कर व रानकुत्रे यांच्याबरोबर अकरा निरनिराळे वाघही होते. मध्य प्रदेशाच्या हद्दीत याच रस्त्यावर असे मार्ग काढून शिवाय आवाज व दिव्यांचा झोत अडविणाऱ्या भिंतीही उभारल्या आहेत. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही वन्य प्राण्यांसाठी रस्त्याखालून व रस्त्यावरून जाणारे मार्ग ठेवलेले आहेत.

मार्गाचे दुसरे टोक

पूल बांधणे हे अभियंत्यांचे काम होय व ते त्यांनी केले. परंतु पुलाखालून बाहेर पडलेले जनावर पुढे कोठे जाते, हा प्रश्न अभियंत्याच्या हाती नाही. पुलाच्या तोंडाशी नाल्याकाठची झाडी तोडलेली असेल, वाटेवर तारेचे कुंपण आडवे असेल किंवा खाली गुरे बांधलेली असतील, तर मोठा खर्च करून केलेली सोय वाया जाते. थोडक्यात, रस्त्याखालचा मार्ग शासन बांधते, पण तो चालू ठेवणे पुष्कळ अंशी लगतच्या शेतकऱ्यावर अवलंबून असते.

यात शेतकऱ्याचाही लाभ आहे. ज्या जनावराला पुढे जाण्यास वाट मोकळी असते ते रात्रीत निघून जाते. ज्याची वाट अडते ते तेथेच दबा धरून राहते, उभ्या पिकात आसरा घेते आणि भूक लागली की पिकावर किंवा गुरांवर येते. पाण्याला वाट न दिल्यास ते बांध फोडते, हा शेतीतील अनुभव येथेही लागू पडतो.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. नाल्याच्या दोन्ही काठांची झाडी व झुडपे राखावीत. यामुळे जनावरांना आडोसा मिळतो, तसेच काठाची माती धुपून जात नाही.

२. कुंपण आपल्या शेताभोवती घालावे. नाला किंवा वहिवाटीची वाट त्यात घेऊ नये. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र विचार करून कुंपणे घातल्यास मधून मोकळा पट्टा सहज सोडता येतो.

३. पुलाखाली गुरे बांधणे, कडबा रचणे, खळे करणे किंवा मेलेली जनावरे टाकणे वर्ज्य करावे. मोकाट कुत्री तेथे जमू देऊ नयेत.

४. जंगलाकडील बाजूस उसासारखे दाट पीक शक्यतो घेऊ नये. घर व गोठा यांच्या भोवतालचे गवत व झुडपे काढून जागा दिसती ठेवावी.

५. गुरे दिवसाउजेडी, राखणदारासह चारावीत आणि सूर्यास्तापूर्वी बंद दाराच्या गोठ्यात आणावीत.

६. उघड्या विहिरींना कठडा बांधावा. रात्री फिरणारे जनावर अशा विहिरीत पडते आणि मग त्यास काढताना साऱ्या गावाचा जीव टांगणीस लागतो.

विजेच्या तारेचा धोका

पिकाच्या राखणीसाठी कुंपणाच्या तारेत थेट वीजवाहिनीचा प्रवाह सोडण्याची घातक पद्धत काही ठिकाणी आढळते. ही तार रानडुक्कर व मनुष्य यांत भेद करीत नाही. पहाटे पाणी द्यावयास निघालेला शेजारी, शेताच्या मालकाचा स्वतःचा मुलगा किंवा त्याचीच बैलजोडी तिला लागून मरू शकते. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड भागात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच तारेने मेला. वर उल्लेखिलेल्या ‘जय’ या वाघाचा तो छावा समजला जात असे. बापाने शेते ओलांडून नवे जंगल गाठले आणि छाव्याची वाट शेताच्या तारेवर संपली. अशी तार लावणे हा गुन्हा आहे. वाघ मेल्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही कारवाई होते.

याऐवजी सौर ऊर्जेवरील कुंपण वापरावे. त्यात सुमारे दर सेकंदास एकदा, अत्यंत अल्प काळ टिकणारा झटका येतो. जनावर बिचकून मागे फिरते, पण मरत नाही. मात्र बाजारात मिळणारे प्रमाणित यंत्रच घ्यावे व तारेखालचे गवत वेळोवेळी कापावे; गवत टेकल्यास झटक्याचा जोर कमी होतो. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणासाठी साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आलेली आहे. आपल्या गावास ते लागू आहे किंवा कसे, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

नुकसानभरपाई मिळत नाही असा समज झाला की शेतकरी विषाकडे किंवा तारेकडे वळतो. म्हणून कार्यकर्त्यांनी पहिले लक्ष याकडे द्यावे. पीक किंवा जनावर यांचे नुकसान होताच, शक्यतो त्याच दिवशी, वनरक्षकास कळवावे व पंचनामा करून घ्यावा. मारलेले जनावर पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवू नये. अर्ज भरण्यास, सातबारा उतारा व बँकेच्या खात्याचा तपशील जोडण्यास शेतकऱ्यास हातभार लावावा. वाघ किंवा बिबट्या गावाजवळ दिसल्यास जमाव करून त्याचा पाठलाग करू नये. वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर, आणि गावात प्राथमिक कृती दल असल्यास त्या दलास, तत्काळ कळवावे.

दुसरे काम नकाशाचे आहे. गावच्या नकाशावर नाले, झुडपी जंगल, गायरान व जनावरांच्या नेहमीच्या वाटा जाणत्या शेतकऱ्यांच्या साहाय्याने खुणा करून नोंदवाव्यात. कोणत्या नाल्याने रोही उतरतात आणि कोणत्या धुऱ्यावर वाघाचे माग उमटतात, हे गुराख्यास व जागल्यास पुरते ठाऊक असते. कालवा, रस्ता किंवा नवी वसाहत यांची योजना गावात येईल तेव्हा हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. काम पुरे झाल्यावर मार्ग फोडून काढण्यापेक्षा आराखड्यातच तो सोडणे केव्हाही सोपे व कमी खर्चाचे असते. व्याघ्र प्रकल्पांना जोडणारे क्षेत्र अयोग्य कारणांसाठी वापरले जाऊ नये, अशी तरतूद २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात करण्यात आली. तिचाही आधार अशा वेळी घेता येतो.

जंगल आणि शेती यांची सीमा नकाशावर एका रेषेने दाखविता येते. जनावरांना ती रेषा दिसत नाही. त्यांची ये-जा बंद करणे कोणाच्याही हाती नाही, परंतु ती कोणत्या वाटेने व्हावी हे ठरविणे बऱ्याच अंशी गावाच्या हाती आहे. नाल्याकाठचा एक पट्टा राखला, कुंपण थोडे आत घेतले आणि तारेतील जीवघेणा प्रवाह बंद केला, तर पीक, गुरे व माणसे यांची सुरक्षितता वाढेल, आणि रानातील जनावरही आपल्या वाटेने पुढे निघून जाईल.