दोन मालेगाव आणि एक ‘उद्या’

मी वाशीमहून बोलतोय. हा भाग तुम्ही ऐकला असेल, तर ही त्याचीच लिखित आवृत्ती. बोलताना मी जिथं अडखळलो, मागे कुकरची शिट्टी झाली, मध्येच गिऱ्हाईक आलं, ते सगळं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आज आमच्या ग्रुपबद्दल बोलायचंय. आम्ही सहा जण. बारावीला वाशीमला एकाच क्लासमध्ये होतो. योगायोग असा, की जिल्ह्यात तालुके सहा आणि आम्हीही सहा तालुक्यांचे. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा झाला. आम्ही सगळे त्यानंतरचे, म्हणजे जिल्हा आमच्यापेक्षा थोडाच मोठा. तर नावं कोणाचीच घेणार नाही, तालुक्यानंच ओळख करून देतो. रिसोडवाला कृषी केंद्रावर बसतो. कारंजावाली नागपूरला नर्स आहे. मानोरावाला पोलीस भरतीची तयारी करतोय. मंगरुळपीरवाली एका शाळेत शिकवते. मालेगाववाला चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट बदलत राहते. आणि मी, वाशीमवाला. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटंसं दुकान आहे.

रोज रात्री साडेनऊनंतर ग्रुप जागा होतो. गप्पा कशा असतात, बघा :

कारंजावाली : आज नाइट आहे. कोणाकडं काही चांगली बातमी असंल तर सांगा.
रिसोडवाला : सोयाबीनचा भाव सांगू का? चहा कडू लागंल तुले.
मानोरावाला : ग्राउंडची तारीख आली का बे? एक जण म्हणते आली, एक म्हणते नाही आली.
मंगरुळपीरवाली : आमच्या शाळेत आज एका पोट्ट्यानं निबंधात लिहिलं, माझा आवडता पक्षी म्हणजे ड्रोन.
मालेगाववाला : त्याले चाकणले पाठव. इथं कामाले येईल.

म्हणजे शाळा, काम आणि बातम्या, सगळं एकाच ताटात. पोहे, चटणी, तर्री एकत्र कालवल्यासारखं. मजा त्यातच आहे. आणि गडबडही त्यातच आहे, हे आम्हाला मागच्या पावसाळ्यात कळलं.

झालं काय?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आधी हे फक्त मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत होतं. आता आमच्या तालुक्यातल्या पोरापोरींनाही पोर्टलवर फॉर्म, पसंतीक्रम, फेऱ्या हे सगळं करावं लागतं. मालेगाववाल्याच्या लहान बहिणीचा फॉर्म माझ्याच दुकानातून भरला होता. तिला सायन्सला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं. आता इथं एक नियम नीट समजून घ्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, की त्या फेरीत दिलेल्या मुदतीत कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करावाच लागतो. नाही केला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाजूला पडतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवसाची आदली रात्र. बाहेर पाऊस. माझ्या मामेभावाच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला : ‘मालेगाव : मनपा हद्दीतील सर्व शाळा, महाविद्यालयांना उद्या सुट्टी.’ वर चार लाल दिवे, खाली ‘सर्वांना पाठवा’. मी दिवे काढले, ‘सर्वांना पाठवा’ काढलं, मधली ओळ कॉपी केली आणि आमच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘भाऊ, घरी सांगून दे.’

मालेगाववाला चाकणला सेकंड शिफ्टवर. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मेसेज पाहिला आणि घरी फोन केला, ‘उद्या जाऊ नको, कॉलेज बंद आहे.’ ती गेली नाही. कॉलेज चालू होतं. संध्याकाळी मुदत संपली.

मेसेज नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा होता. यंत्रमागाच्या मालेगावचा. आमच्या मालेगावचा नाही.

चूक नेमकी कुठं झाली?

हे मी नंतर शांतपणे मांडून पाहिलं. त्या एका ओळीत तीन गोष्टी होत्या, ज्या डोळ्यांसमोर असून दिसल्या नाहीत.

पहिली, गाव. महाराष्ट्रात मालेगाव तालुके दोन : एक नाशिक जिल्ह्यात, एक वाशीममध्ये. कारंजाही दोन : आमचा कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातला कारंजा घाडगे. जिल्ह्याचं नाव नसेल तर मेसेज कोणाचा, हे सांगताच येत नाही. आणि आपण काय करतो? आपलंच गाव धरून चालतो.

दुसरी, ‘मनपा’ हा शब्द. मनपा म्हणजे महानगरपालिका. नाशिककडच्या मालेगावला महानगरपालिका आहे. आमच्या मालेगावला नगरपंचायत आहे. अहो, आख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही, खुद्द वाशीमलाही नगर परिषदच आहे! सहा जणांनी ती ओळ वाचली. त्यातला मी तर दिवसभर सरकारी फॉर्मच भरतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की आपल्याकडं मनपा आहेच कुठं?

तिसरी, ‘उद्या’. हा शब्द मला आता सगळ्यात धोक्याचा वाटतो. तारीख असलेला मेसेज दुसऱ्या दिवशी शिळा होतो. ‘उद्या’ लिहिलेला मेसेज कधीच शिळा होत नाही. तो आज वाचा, पुढच्या वर्षी वाचा, सुट्टी आपली उद्याच. तो मेसेज त्या आठवड्याचा होता की मागच्या वर्षीचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि चौथी गोष्ट मेसेजमध्ये नव्हती, माझ्यात होती. मला शेवटची तारीख माहीत होती. पण मनात म्हटलं, कॉलेजच बंद म्हटल्यावर मुदत वाढवतीलच की. पोर्टल माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडंच होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पाहिलं नाही.

फॉरवर्डची खूण कशासाठी असते?

आता जरा मागे जाऊ. १ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. तिथं आठवडी बाजारात पाच माणसं आली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. त्या काळात ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असे मेसेज आणि व्हिडिओ सगळीकडं फिरत होते. जमावानं त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्या वर्षी देशभर असे प्रकार झाले. फिरणाऱ्यातला एक व्हिडिओ तर पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. ती जाहिरात आहे हे सांगणारा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपनं पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. पुढे दोन बाणांची खूण आली. एक बाण म्हणजे कोणीतरी पुढे ढकललेला मेसेज. दोन बाण म्हणजे मूळ माणसापासून पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला. एप्रिल २०२० पासून असा दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो.

म्हणजे ती खूण आपल्याला सांगते : बाबा, हे तुझ्या मित्रानं लिहिलेलं नाही, त्यालाही हे कुठून तरी आलंय.

पण कॉपी करून पेस्ट केलं, की खूण जाते. मी नेमकं तेच केलं. मला वाटलं मी मेसेज नीटनेटका करतोय. प्रत्यक्षात तो कुठून आला याचा मागच मी पुसून टाकला. मालेगाववाल्याला दिसलं काय? वाशीमच्या मित्रानं, ज्यानं फॉर्म भरला त्यानं, स्वतः लिहिलंय. तो का शंका घेईल?

पारावर कोणी काही सांगितलं, तर आपण लगेच विचारतो, ‘तुले कोणं सांगितलं?’ समोरचा चाचरला की आपल्याला कळतं. ग्रुपवर चेहरा दिसत नाही, चाचरणं ऐकू येत नाही. ड्रोनचा विनोद आणि कॉलेजची सुट्टी एकाच अक्षरात, एकाच रंगात येतात. आणि आपण मेसेज तपासायच्या ऐवजी पाठवणारा तपासतो. मित्र खरा, म्हणून मेसेज खरा.

शिवाय रस्ता बघा. मालेगावची बातमी वाशीमहून चाकणला गेली आणि चाकणहून मालेगावला आली. ज्या मुलीच्या घरापासून कॉलेज पायी जाता येईल एवढं जवळ, तिला कॉलेज बंद असल्याचं पुणे जिल्ह्यातून कळलं.

मग सुट्टी खरी कधी?

पावसाची सुट्टी सहसा जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. खऱ्या आदेशावर जिल्हा, तारीख आणि सहीचं पद असतं. आणि हवामान खात्याचा इशारा म्हणजे सुट्टी नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. यातल्या कोणत्याच रंगानं शाळा आपोआप बंद होत नाही. याच कायद्याच्या कलम ५४ खाली आपत्तीची खोटी सूचना पसरवून घबराट निर्माण केली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

आम्ही आता काय करतो?

ग्रुप बंद केला नाही. बातम्याही बंद केल्या नाहीत. फक्त तीन प्रश्न ठरवले : कुठलं? कधीचं? कोणं सांगितलं?

‘कधीचं’चं एक उदाहरण रिसोडवाल्याकडून. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर ‘सोयाबीन हमीभाव ४८९२’ असा मेसेज फिरत होता. आकडा खोटा नव्हता, पण तो २०२४-२५ च्या हंगामाचा होता. २०२५-२६ साठी हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल आहे. मेसेजवर वर्ष नसेल, तर खरा आकडासुद्धा चुकीच्या हंगामात दिशाभूल करतो.

‘कोणं सांगितलं’चं उदाहरण मानोरावाल्याचं. त्याला थेट नोकरीचा मेसेज आला, ‘नोंदणी फी आजच भरा’. त्यानं स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘कोणं सांगितलं?’ कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं पैसे भरले नाहीत. भरले असते, तर पहिलं काम म्हणजे १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. जितका लवकर कराल, तितकी पैसे पुढे जायच्या आत थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आणि चौथा नियम खास माझ्यासाठी आहे : कॉपी-पेस्ट नाही. पाठवायचंच असेल तर फॉरवर्ड कर, म्हणजे खूण दिसेल.

बहिणीचं काय झालं?

तिला शेवटी सर्वांसाठी खुल्या असलेल्या फेरीत प्रवेश मिळाला. पण तोवर तिच्या कॉलेजातली सायन्सची तुकडी भरली होती. आता ती रोज एसटीनं वाशीमला येते. सकाळी लवकर निघते, परत जाईपर्यंत अंधार पडतो. कधी झेरॉक्ससाठी माझ्या दुकानात येते. मी पैसे घेत नाही, ती ठेवून जाते.

हा भाग करायच्या आधी मी तिला विचारलं, सांगू का सगळ्यांना? ती म्हणाली, ‘सांग ना दादा. पण माही चूकही सांग. मी कॉलेजात एक फोन केला असता तं कळलं असतं.’

मी सांगितलं, म्हणून सांगतोय. पण मला ते पटलेलं नाही. ती सोळा वर्षांची आहे. तिनं भावावर भरोसा ठेवला, भावानं माझ्यावर. माझ्यापाशी येऊन तो भरोसा थांबला, कारण पुढं मी कोणाला विचारलंच नव्हतं.

तर मंडळी, आज रात्री तुमच्या ग्रुपवर कोणी ‘उद्या’ लिहिलं, तर खाली एवढंच विचारा : कोणत्या तारखेचा उद्या? मित्राला राग येणार नाही. आला तर त्याला हा भाग पाठवा. फॉरवर्ड करून. भेटू पुढच्या भागात.